भिंगरीची उंची

तिला सगळे भिंगरी म्हणत. सातव्या वर्षापासून ती जिम्नॅस्टिक्स शिकत होती आणि वीतभरही रुंद नसलेल्या लाकडी बीमवर अशा गिरक्या घ्यायची, की भिंतीला टेकून गप्पा मारणाऱ्या आया गप्प व्हायच्या. आता तिला तेरावं लागलं होतं, आणि त्याच बीमवरून ती रोज चार-पाचदा तरी आपटत होती.

सुरुवात पावलांपासून झाली. चार महिन्यांत दोनदा बूट बदलले. मग पोटऱ्या लांबल्या, मग हात. घरात कोपर दाराला लागायचं, मांडी टेबलाच्या कोपऱ्याला. पाण्याचा ग्लास घ्यायला जावं, तर हात आधीच पोचायचा आणि ग्लास आडवा.

"माझे हात कुणी बदललेत का?" ती एकदा वैतागून म्हणाली.

बाबा पोट धरून हसले. आई हसली नाही, फडकं आणायला उठली.

शिकवणाऱ्या मॅडमच्या नुसत्या शिट्टीला मुली टरकून असत. पण भिंगरीवर त्या एकदाही ओरडल्या नाहीत. उलट ती पडली की गादीवर तिच्याशेजारी येऊन बसायच्या. "हाडं भराभर वाढली की अंदाज चुकतो गं. डोक्यात अजून जुनंच माप असतं. सहा-आठ महिन्यांत सगळं जागेवर येईल. तुझी जागा कुठे पळून जात नाही. तोवर मुंगीला तुझी गिरकी शिकव. शिकवताना आपलंही पक्कं होतं."

मुंगी नऊ वर्षांची, हातात मावेल एवढी. भिंगरीने तिला हातचं काही राखून न ठेवता शिकवलं. नजर बीमच्या टोकाला कशी खिळवायची, उडी घेण्याआधी श्वास कुठे रोखायचा. ही खुबी तिने स्वतः शोधून काढली होती आणि तोवर फक्त आईला सांगितली होती. आईला ती सगळंच सांगायची.

एका दुपारी तिचा अंगठा सोलवटला. चिकटपट्टी शोधायला ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम बाहेर फोनवर होत्या. कपाटाच्या खणात औषधांच्या डब्याखाली फायली होत्या आणि वरच्याच फायलीवर तिचं नाव होतं. आत मनगटाचा एक्स-रे. तिला आठवलं, दीड वर्षापूर्वी "मनगट जरा सुजल्यासारखं वाटतंय" म्हणून मॅडमनी तो काढायला लावला होता. तेव्हा तिचं मनगट मुळीच दुखत नव्हतं.

खाली तेव्हाचीच तारीख आणि मॅडमचं अक्षर: "मनगटाच्या हाडांवरून, पूर्ण वाढ झाल्यावर उंची अंदाजे एकशे चौऱ्याहत्तर सेंमी. पुढच्या संघात नाही. मुंगी तयार होईपर्यंत ठेवावी. पालकांना कल्पना दिली."

आणि त्याखाली आईची सही.

मॅडम आत आल्या तेव्हा ती फाईल उघडी धरूनच उभी होती.

"तुम्ही म्हणाला होतात, सगळं जागेवर येईल."

"येईलच. ते खोटं नाही." मॅडमनी फाईल हळूच काढून घेतली. "पण तोवर तू माझ्याएवढी उंच झालेली असशील, आणि एवढी उंची बीमवर चालत नाही. मला संघ उभा करायचाय, बाळा."

"बाळा म्हणू नका मला."

ती बाहेर आली. मुंगी बीमवर उभी होती. "ताई, गिरकीला डावा पाय आधी ना?"

उजवा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. एकच शब्द, आणि मुंगी दाणकन खाली आली असती.

"डावा," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून निघाली.

आई स्वयंपाकघरात होती. भिंगरीने आल्या आल्या विचारलं, "तुला दीड वर्ष माहीत होतं?"

आईने गॅस बंद केला. पण ती वळली नाही.

"तू इतकी खूश असायचीस. म्हटलं, जितके दिवस मिळतील तितके…"

"मी रोज रडत येत होते, आई. माझंच काहीतरी चुकतंय म्हणून. पहाटे उठून जास्तीचा सराव करत होते. तू मला दूध गरम करून देत होतीस!"

आईने जवळ घ्यायला हात पुढे केले. भिंगरी मागे सरली आणि ओट्याला धडकली. पण या वेळी आईने "लागलं का?" विचारलं नाही.

ती पुन्हा त्या हॉलमध्ये गेली नाही. मॅडमचे दोन फोन आले, मग येईनासे झाले. मुंगी त्या वर्षी संघात गेली. पुढच्या वर्षी भिंगरी शाळेत व्हॉलीबॉल खेळू लागली. हात-पाय हळूहळू तिचं ऐकू लागले. अगदी मॅडम म्हणाल्या होत्या तसं, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

संध्याकाळी ती घरी आली की आई अजूनही विचारते, "कसा झाला सराव?"

"बरा झाला," ती म्हणते, आणि खोलीत जाते.