लतिकाची तहान

पुतणी लतिकाच्या पोस्टकार्डाला श्रीधरकाकांनी उत्तर दिलं नव्हतं. कार्डावर एकच ओळ होती : 'काका, हे लोक मला पाणी देत नाहीत.'

काका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, एकटे, बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं वाटणारे. मनाचा आजार सुरू झाला तेव्हा लतिकानं असंच कळवलं होतं, की भिंतीतून कोणी तिला हाका मारतं. हेही त्यातलंच असेल, असं म्हणून त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं.

पुढच्या रविवारी ते बेसाला, ती राहत होती त्या भावाच्या घरी जेवायला गेले. पाच वर्षांच्या गोळ्यांनी लतिका दुप्पट झाली होती. अंगावर मांस चढलं की आपण तब्येत सुधारली म्हणतो. त्या घरातही तेच समाधान होतं.

"पाहा काका, तब्येत कशी झाली बाईची!" वहिनी भैरवी भात वाढत म्हणाली. "आधी नुसती काडी होती."

"आता हिच्या एकटीसाठी आख्खा ऑटो लागते," भाऊ अनिश हसला.

लतिका हसली नाही. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. "काका, पाणी द्यायले सांगा नं."

पाण्याचा फिल्टर कपाटात होता आणि कपाटाला कुलूप.

"दिवसभर पाणीच पिऊन राहते, मंग घडीघडी बाथरूम," भैरवी म्हणाली. "डोक्याचंच आहे ते. म्हणून मोजून चार गिलास देतो."

गोळ्यांसोबतचा बारीक अक्षरांचा कागद काकांनी एकदा वाचला होता : वजन आणि रक्तातली साखर तपासत राहावी. शब्द जिभेवर आले. पण आपण थोडेच डॉक्टर? चूक ठरलो तर? समोरचा भरलेला गिलास त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

त्यानंतर नवव्या दिवशी लतिका बेशुद्ध पडली. साखर साडेसहाशेवर गेली होती. रामदासपेठेतल्या दवाखान्यात जीव वाचला. पण उजव्या तळव्याची जखम कधीची चिघळलेली, कोणी पाहिलीच नव्हती. पाय कापावा लागला.

"पाच वर्षांत एकदाही साखर तपासली नाही? काहून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मॅडम, ती मेंटल पेशंट आहे नं," अनिश पुटपुटला.

"अन् मानेच्या खाली? तिथं माणूस नाही राहत का?"

 

दवाखान्यातून लतिका बेसाला परतली, त्या दिवशी काकांनी आपल्या घरी पत्र लिहायला बसून चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं :

'चि. लतिका, तुझी तहान खरी होती. मी ती वेडात जमा केली. गोळ्या सोडू नकोस, पण साखर नेमानं तपासायला हवी. त्यासाठी तुला मी घेऊन जाईन. कुलूप काढ, असं अनिशला आज फोनवर सांगितलं. आवाज कापत होता, तरी सांगितलं.'

पाकिटावर बेसाचा पत्ता घालताना सवयीनं 'द्वारा अनिश' लिहिलं गेलं. ते त्यांनी खोडलं, नुसतं तिचं नाव ठेवलं, आणि चौकापर्यंत चालत जाऊन पत्र पेटीत टाकलं.