लिंबू लावलेला चाकू

रामहरीला हळद लागली आणि त्याच घटकेला त्याच्या लाडक्या चाकूची नोकरी सुटली.

खर्ड्याकडची रीतच तशी आहे. नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात लोखंड द्यायचं, टोकाला लिंबू टोचायचं, आणि दुसऱ्या दिवशी अक्षता पडेपर्यंत ते हातातून सोडायचं नाही. कुणाच्या घरी आज्याची कट्यार असते, कुणी सरळ विळ्यावर भागवतो. रामहरीने आपला खिशातलाच चाकू पुढे केला. तसाही तो बारा महिने त्याच्या हातातच असायचा, मग यात वेगळं काय करायचं होतं?

पण पुष्पावतीबाई लेकाला पुरती ओळखून होती. लिंबू टोचता टोचता तिने बजावलं, "हातातून सोडायचा न्हाई. लिंबू काढायचं न्हाई. आन् लगीन लागंपर्यंत ह्या चाकूनं काय बी कापायचं न्हाई. सुताचा धागासुदिक न्हाई. कळलं का?"

"आन् कापलं तर?"

"तर अपशकुन हुतो. आन् मी तुज्याशी बोलायची न्हाई, त्यो दुसरा अपशकुन."

रामहरी हसला खरा, पण त्याला काय माहीत, चाकू हातात असून कापता न येणं ही काय शिक्षा असते ती. तो पंचक्रोशीतला मोटारवाला. विहिरीतल्या मोटारी काढायच्या, बसवायच्या, ठिबकच्या नळ्या जोडायच्या, केबली सोलायच्या. आणि पायाला भिंगरी हा जन्माचा स्वभाव. चाकूंच्या बाबतीत त्याची मतं सोयरिकीपेक्षा पक्की होती. पातं तळहाताच्या रुंदीपेक्षा मोठं नको. लांब पातं मिरवायला, कामाला नव्हे. चाकू एका हाताने उघडला पाहिजे, कारण मोटारवाल्याचा दुसरा हात कायम पाईपला गुंतलेला. आणि उघडल्यावर पातं टक् करून जागेवर बसलंच पाहिजे, नाहीतर एके दिवशी ते आपल्याच बोटावर मिटतं.

त्याच्याकडे चाकू होते तीन. खर्ड्याचा किल्ला बघायला आलेल्या एका पुण्याच्या माणसाने दिलेला लाल मुठीचा, त्यात कात्रीपासून दातकोरण्यापर्यंत सगळं होतं. "त्यात समदं हाय, पन कशालाच जोर न्हाई," हे रामहरीचं त्यावरचं मत. दुसरा जत्रेतल्या लोहाराचा, बाभळीच्या मुठीचा, धार अशी की विचारू नका, पण उघडायला दोन्ही हात लागत. तिसरा हा, काळ्या मुठीचा, अंगठ्याने उघडणारा. काम झालं की तो पुसून पात्याला खोबरेल लावायचा आणि मगच जेवायला बसायचा. आरतीला बघायला गेले तेव्हा त्यांच्या घरच्या सुरीला कलिंगड काही कापेना. रामहरीने खिशातून हाच काढला आणि टक् करून उघडला. सासरेबुवा दचकून मागे सरकले, आरती मात्र तोंडावर हात ठेवून हसली. आपलं लग्न त्या कलिंगडावर जमलं, असं तो येईल त्याला सांगत असे.

आणि आता हाच नवरदेव मांडवातल्या खुर्चीवर लिंबू सांभाळत बसला होता. दुपारची वेळ. काकासाहेब, म्हणजे त्याचे वडील, भाऊबंदांना टेम्पोत घालून भांडी आणायला जामखेडला गेलेले. घरात सगळा बायकांचा राबता. जगातल्या यच्चयावत सुतळ्या, पुडे आणि खोकी नेमकी त्याच दिवशी फोडायला निघाली होती. कुणी आत्या येई, "रामा, एवढी गोन फोड बाबा," आणि मग जीभ चावून परत जाई. कुणी दातांनी दोरे तोडत होतं, कुणी उलथन्याने पुठ्ठे फाडत होतं. ते बघून त्याचे हात शिवशिवत. तो उठे, बसे, परत उठे. "बस की एका जागी! गुडघ्याला बाशिंग बांधल्यावानी करतुय," असं म्हणून बायका हसत.

त्यांना वाटत होतं, आरतीच्या ओढीने पोराला चैन पडत नाही. चाकूचं दुखणं होतंच. पण खरी टोचणी वेगळी होती, आणि ती मांडवाच्या कोपऱ्यात बांधलेली होती. पिवळीधमक नायलॉनची दोरी. उठता बसता त्याची नजर तिच्याकडेच जाई.

ती दोरी त्यांची नव्हती. ती भिमाजीनानांच्या शेततळ्यावरची होती.

भिमाजी हा काकासाहेबांचा सख्खा धाकटा भाऊ. त्याने शेततळं खणलं तेव्हा माती बांधाच्या अलीकडे पडली, एवढ्यावरून दोघा भावांचं बिनसलं, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही की चालणं नाही. लग्नाची पत्रिकासुद्धा काकासाहेबांनी भाऊबंदाच्या हाती धाडली होती. काल मांडव घालताना एका कोपऱ्याला ताण द्यायला दोरी कमी पडली. वावटळीचे दिवस, कोपरा मोकळा सोडून चालणार नव्हतं. रामहरीने इकडे तिकडे बघितलं, बांध ओलांडला, आणि तळ्याच्या कडेच्या लोखंडी खांबाला बांधून पाण्यात सोडलेली दोरी सोडून आणली. विचारायला कोण जाणार? बापाला कळतं तर बापाने मांडव डोक्यावर घेतला असता. परवा अक्षता पडल्या की गपचूप परत बांधून येऊ, दोन दिवसांनी काय होतंय, असं त्याने मनाला समजावलं.

आता हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर गोष्ट वेगळी. पण शेततळ्याच्या काठावर उभं राहून लोकांना शहाणपण शिकवणारा हाच तर होता. तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. त्यावर शेवाळ धरलं की माणूस आत घसरतो आणि पोहता येत असलं तरी वर चढू शकत नाही, पाय ठरतच नाही. "आदी दोरी सोडा, मग मोटार बशिवतो," असं म्हणून तो अडून बसायचा. रामहरीला हे आठवत होतं, म्हणूनच त्याला बसवत नव्हतं. दोनदा तो बांधाकडे निघाला आणि दोनदा आईने हळदीच्या अंगाने मांडवाबाहेर जायचं नाही म्हणून ओढून आणला.

तिसऱ्यांदा उठला तो हाकेने. बांधापलीकडून रंगुबाईचा, त्याच्या चुलतीचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण बाईमाणूस असं कधी ओरडतं ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. बायकांच्या हातातलं काम थांबलं. रंगुबाई बांध चढून, केस सुटलेले, तशीच धावत मांडवात शिरली. किती दिवसांनी तिचं पाऊल या अंगणात पडत होतं!

"पडलं वं! तळ्यात पडलं ह्ये! मोटार पानी उचलंना म्हनून पाईपाचं शेवाळ काढाया गेलं... म्या म्हनलं रामाला बोलवू, तर म्हनलं, त्याला हळद लागलीया, कसं बोलवायचं... आन् दोरी न्हाई वं तितं! दोरी कुनी तरी न्हेली!"

रामहरीने कोपऱ्यातल्या पिवळ्या दोरीकडे बघितलं.

"पाईपाला धरून हायती," रंगुबाई ऊर बडवत म्हणाली. "हात सुटाय लागलाय. दोरी द्या कुनी तरी!"

बायका दोरी शोधायला धावल्या. घरातली होती नव्हती ती दोरी टेम्पोबरोबर गेली होती. बैलाचा कासरा तळ्याला कुठला पुरणार? पुष्पावतीबाई साड्या काढायला पेटीकडे वळली. रंगुबाई मात्र मांडवात भिरभिर बघत उभी होती. पिवळी दोरी तिच्या डोळ्यांसमोर होती, पण घाबऱ्या जिवाला ती दिसत नव्हती. म्हटलं तर अजून कुणाला काही कळलं नव्हतं. साड्या बांधायच्या, धावायचं, आणि पुढे नशीब. दोरी कुणी नेली ते चोरावर ढकलता आलं असतं. हा विचार रामहरीच्या मनात आला, हे खोटं कशाला सांगा? आला आणि गेला.

तो कोपऱ्याकडे धावला. गाठी त्याच्याच हातच्या, रात्रभर वाऱ्याने ताणून दगडासारख्या झालेल्या. हळदीच्या तेलकट बोटांना त्या ऐकेनात. त्याने लिंबू उपसून फेकलं आणि चाकू दोरीला लावला.

तोवर आईने येऊन मनगट धरलं. "रामा! देवक बसलंय मांडवात! नवरदेवानं आपला मांडव तोडायचा?"

"आई, दोरी नानांची हाय," रामहरी म्हणाला. "मी आनलीया."

त्याने हळू आवाजात सांगितलं नव्हतं. रंगुबाईने ऐकलं, सगळ्या बायकांनी ऐकलं. पुष्पावतीबाईने लेकाच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिने मनगट सोडलं.

"काप," ती म्हणाली.

पातं दोरीतून गेलं. दुसरा झटका बुडाशी. मांडवाचा कोपरा कडाकड वाकला, वरचं कापड आंब्याच्या डहाळ्यांसकट खाली आलं, हळदीची पातेली लवंडली. रामहरी तेव्हा बांधावर होता. चाकू कुठे पडला, हे त्याला पुढे कितीतरी वेळ आठवलं नाही.

तळ्यात भिमाजीनाना हनुवटीपर्यंत पाण्यात होते. तरंगत्या पाईपाला त्यांनी बगल अडकवली होती, पण मान एका बाजूला कलत चालली होती. हाक मारली तर ओ देत नव्हते. रामहरीने दोरीचं एक टोक लोखंडी खांबाला आवळलं आणि दुसरं फेकलं. दोरी पाण्याला पोचली नाही. गाठींशी कापली होती, तेवढीच कमी पडली.

मग त्याने ते टोक मनगटाला गुंडाळलं, गाठ मारली आणि कागदावरून पोटावर घसरत खाली गेला. हात लांब केला. "नाना, हात द्या!" नानांनी डोळे उघडले, हात उचलला. हाताला हात लागला आणि सटकन निसटला. हळद आणि तेल! सकाळपासून आया-बायांनी मायेने चोपडलेली हळद. पुन्हा धरला, पुन्हा निसटला, आणि या वेळी नाना पाण्याखाली जाऊन वर आले. रामहरी शिव्या देत होता, कुणाला ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. खांद्यावरचा टॉवेल त्याने दातांनी ओढून हातात घेतला, पाण्यात बुडवला आणि एक टोक धरून फेकला. "ह्याला गुंडाळा! हाताला गुंडाळा, नाना!"

नानांनी गुंडाळला. वर बायका दोरीला लागल्या होत्या. आत्या, मावश्या, शेजारणी, हळदीने माखलेल्या, आणि सगळ्यात पुढे पुष्पावतीबाई आणि रंगुबाई, एकमेकींना खेटून. "हां, वढा!" म्हणत त्यांनी दोघांनाही कागदावरून रेटत काठावर आणलं.

नाना पालथे पडले. पाणी ओकले, खोकले, परत ओकले. रंगुबाई त्यांचे तळवे चोळत रडत होती. रामहरी शेजारी धापा टाकत बसला होता. त्याच्या मनगटाला दोरी तशीच करकचून होती, बोटं काळीनिळी पडत चालली होती, आणि ती सोडायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने नानांची नजर त्या दोरीवर गेली.

"ही दोरी..."

"तुमचीच हाय," रामहरी म्हणाला. "काल मीच न्हेली. मांडवाला. मला ठावं हुतं ती कशाला हाय ते, नाना. तरी न्हेली."

आता शिवी येईल म्हणून तो थांबला. शिवी आली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मागितली का न्हाई रं?" नाना म्हणाले.

"तुमी दिली नसती."

नानांनी डोळे मिटले. "दिली असती की," ते म्हणाले. "घरातलं पयलं लगीन हाय. चार दिस झालं, बांधाकडं बघत बसतुया. कुनी तरी काय तरी मागाया येतंय का म्हनून. पाटा म्हना, परात म्हना. कुनीच आलं न्हाई."

रामहरीने तोंड गुडघ्यात घातलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. कुणी त्याला गप्प केलं नाही. बायकाही डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. पलीकडे एक कोपरा मोडलेला मांडव दिसत होता, आणि उद्या त्याच मांडवाखाली लग्न लागायचं होतं.

पुष्पावतीबाई पुढे आली आणि दिरासमोर मातीत बसली. पदर डोक्यावर ओढून घेतला.

"भावजी, आता मागते," ती म्हणाली. "दोरी द्या. आन् मांडव बांधाया चला. रामाचा बा आला की त्यांचं मी बगते."

"आदी मला उटवा तरी, वैनी," नाना म्हणाले, आणि तेही रडायला लागले.