पहारीची वादी

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. हसू नका. तुमच्या ओळखीच्या पहारी दगड फोडतात, खड्डे खणतात, जमिनीवर सुखाने आयुष्य काढतात. माझी सगळी नोकरी गोठलेल्या तळ्यावर झाली. टोकाखाली बर्फ आणि बर्फाखाली काळं पाणी. भोक पडलं की ते पाणी मला दिसतं, आणि इतकी वर्षं झाली तरी दर वेळी माझ्या लोखंडातून शिरशिरी जाते.

पूर्व फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी ताव्हेत्ती नावाचा लोहार होता. त्याने एका मोडक्या घसरगाडीच्या पट्टीतून मला घडवलं. टोकाला छिन्नीसारखी धार लावली, बर्चच्या लाकडाचा दांडा बसवला, दांड्याच्या वरच्या अंगाला भोक पाडून त्यात चामड्याची वादी ओवली. मग मला एल्यासच्या हातात दिलं. एल्यास तेव्हा तरणाबांड होता आणि नुकतं लग्न झाल्यामुळे सारखा हसत असे.

"दांडा मोडला तर नवा बसवीन, धार गेली तर लावून देईन," लोहार म्हणाला. "पण वादी मनगटात घालायला विसरलास तर माझ्याकडे येऊ नकोस. शेवटचा घाव बसला की पहार हातातून सुटते आणि सरळ तळाला जाते."

ते ऐकलं त्या दिवसापासून ही भीती माझ्या पोटात आहे.

माझं काम सोपं होतं. एल्यास पाऊल टाकण्याआधी पुढचा बर्फ माझ्याने ठोकायचा. बर्फ चांगला असला की ठण्ण आवाज येई आणि माझं टोक उसळून वर येई. मग तो पाऊल टाके. आवाज बसका आला तर तो थांबे, वळे आणि दुसरी वाट धरी. पुढे लव्हाळ्यांच्या खाडीत जाऊन तो भोकं पाडी आणि पाइक धरी. पाइक म्हणजे लांब तोंडाचा, दातांनी भरलेला, दुसऱ्या माशांना गिळून जगणारा मासा. गावातले लोक म्हणत, एल्यासच्या पहारीला कान आहेत. ते ऐकून मला बरं वाटे, खोटं कशाला सांगू.

पण त्या खाडीकडे जायला एक वाईट जागा ओलांडावी लागते. दोन भुशिरांच्या मध्ये तळं चिंचोळं होतं आणि खालून ओढ वाहते. सगळे तिला घसा म्हणतात. एका वसंतात गावातला घोडा लाकडांच्या गाडीसकट त्या घशात गेला. मी एल्यासच्या हातात होते आणि त्याची छोटी मुलगी हिल्का त्याच्या पायाला बिलगून काठावर उभी होती. घोडा पुढचे पाय बर्फावर टाकी, बर्फ मोडे, तो पुन्हा टाकी. नंतर काहीच ऐकू आलं नाही. हिल्काने त्यानंतर बर्फावर पाऊल ठेवलं नाही.

मग घरात गिरमिट आलं. चार फेरे मारले की गोल, गुळगुळीत भोक. एल्यास त्याच्यावर खूश झाला आणि मी वाफेच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात गेले. त्याची बायको आउने पायऱ्यांवरचा बर्फ फोडायला तेवढी मला बाहेर काढी. मला गिरमिटाचा राग येत असे. भोक ते छान पाडतं, पण चालताना माणसाच्या पुढे ते कधी ठोकत नाही. ते खांद्यावर बसून जातं.

अशी वर्षं गेली. एल्यासने सत्तरी ओलांडली, त्याचे गुडघे गेले. हिल्का शहरात ट्राम चालवू लागली. गेल्या एप्रिलमध्ये ती सुट्टीवर आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, मला पाइक धरायला शिकवा."

एल्यासने चमचा खाली ठेवला. "तू? तू तर खिडकीतून तळं बघतानासुद्धा पडदा ओढून घ्यायचीस."

"म्हणूनच. अजून किती वर्षं घाबरत बसू? आणि तुम्ही तरी किती वर्षं जाणार आहात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कडक थंडी होती. रात्रीने तळं पुन्हा घट्ट केलं होतं. एल्यासने गिरमिट उचललं. हिल्का न्हाणीघरात बूट घालत होती, तिला मी दिसले आणि तिने मला उचललं.

"ती कशाला?" एल्यास म्हणाला. "गिरमिट आहे की."

"मला ही हवी. पायाखाली काय आहे ते कळतं."

"घे, घे. ट्रामवालीला घंटी लागणारच."

आउने दारात आली. बर्फ मोडून पाण्यात पडलं तर कडेला रुतवून वर यायला दोन खिळ्यांची जोडी असते, तिला इथे नखं म्हणतात आणि दोरीने गळ्यात अडकवतात. आउनेने ती हिल्काच्या गळ्यात घातली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमची कुठायत?"

"हीच माझी. पोरीला दिली. मी या तळ्यावर तुझ्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त चाललोय."

"स्वयंपाकघरात कुणी बुडत नाही," आउने म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बर्फावर उतरताच हिल्काने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तिने ठोकल्याशिवाय एकही पाऊल टाकलं नाही. घशावर तर एका पावलाला दोन घाव. आवाज स्वच्छ येत होता, ठण्ण, ठण्ण, तरी तो घोडा माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"अगं, प्रत्येक पावलाला दार वाजवत चाललीस तर पोचेपर्यंत मासे म्हातारे होतील," एल्यास पुढून ओरडला. ती ठोकत राहिली.

लव्हाळ्यांच्या खाडीत त्याने गिरमिटाने भोकं पाडली आणि एक तिला माझ्याने पाडायला लावलं. घाव घालताना वादी तिच्या हातमोज्यात अडकू लागली, म्हणून तिने ती मनगटातून काढली. मी सांगू तरी कसं? शेवटचा घाव बसला, बर्फ फुटला आणि मी सुटले. काळं पाणी माझ्या धारेवरून, लोखंडावरून, दांड्यावरून चढत आलं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात वादीला हिसका बसला. एल्यासने गुडघे विसरून झेप घेतली होती आणि वादीचं टोक त्याच्या दोन बोटांत सापडलं होतं.

त्याने मला वर ओढलं, वादी हिल्काच्या मनगटात घातली आणि वरून थोपटली. "ही इथेच राहायची," एवढंच तो म्हणाला.

मग गळाला जिवंत छोटा मासा लावून तो पाण्यात सोडायचा आणि भोकावर वाकवलेल्या काठीला लाल चिंधी बांधायची. पाइकने आमिष ओढलं की काठी सुटते आणि चिंधी वर उडते. त्यानंतर नुसती वाट बघायची. हिल्का चिंधीकडे बघत होती आणि मधूनच मागे घशाकडे. सूर्य वर आला तेव्हा चिंधी उडाली.

"दोरा सोड. ओढू नकोस. त्याला गिळू दे," एल्यास हळूच म्हणाला. "आता ओढ."

ती ओढू लागली. खालून असा झटका आला की ती गुडघ्यांवर पडली. पाइकचं डोकं भोकात आलं आणि तिथेच अडकलं, गिरमिटाचं भोक त्याला पुरेना.

"पहार घे, कड फोड. दोऱ्यापासून लांब हं. दोरा तुटला तर रात्री आई चिंधी तळून वाढेल."

तिने कड अलगद फोडली. गिरमिटाचं काम मी पुरं केलं, हे मी विसरलेली नाही. पाइक बाहेर आला, तिच्या हाताएवढा लांब, हिरवट, तोंड उघडलेलं. ती मागे सरकली.

"डोक्यामागे धर. तोंडात बोट घालू नकोस, ट्राम चालवायची आहे तुला."

तिने धरला. मग ती हसू लागली, आणि तिला हसताना बघून म्हाताऱ्याचे डोळे भरले.

तिथेच घरी निघायला हवं होतं. पण या लोकांची एक रीत आहे. माणसाला पहिला पाइक मिळाला की बर्फावरच चूल पेटवून कॉफी उकळायची, पहिला घोट भोकात ओतायचा आणि किटली रिकामी होईपर्यंत उठायचं नाही. अर्धी किटली टाकून गेलं तर तळं रुसतं म्हणतात. एल्यासने ओल्या फांद्यांवर चूल मांडली, किटली भरून बर्फ वितळवला. त्याने हिल्काला प्रत्येक जुन्या पाइकची गोष्ट सांगितली. ऊन चांगलंच तापलं.

मला त्यांनी बाजूला बर्फात रोवून ठेवलं होतं. सकाळी मी ताठ उभी होते. मग मला कोणी हात लावला नाही, तरी मी कलायला लागले. एप्रिलचा बर्फ असा असतो. जाडी तेवढीच राहते, पण ऊन आतून त्याचे धागे सुटे करतं. मी अगदी आडवी झाले आणि त्या दोघांनी पाहिलं नाही.

निघताना हिल्का म्हणाली, "बाबा, काठाकाठाने जाऊ या का?"

"भुशिराला वळसा घालून? गुडघे माझे आहेत, तुझे नाहीत. सकाळी इथूनच आलो ना? ही बघ आपली पावलं."

तो पुढे झाला. मासा ठेवलेली छोटी घसरगाडी ओढत, आपल्याच सकाळच्या पावलांत पाय टाकत. ती मागून ठोकत निघाली आणि मागे पडत गेली. मी जिवाच्या आकांताने वाजायचा प्रयत्न करत होते, पण माझा आवाज बसला होता. घशाच्या तोंडाशी तिने मला मारलं आणि मी एका घावात आरपार गेले. भस्स. पाणी वर आलं.

"बाबा, थांबा."

तो वळला. "आता काय झालं?" म्हणाला, आणि कमरेपर्यंत खाली गेला, मग खांद्यांपर्यंत. फारसा आवाजही झाला नाही. घसरगाडी त्याच्या मागोमाग कलंडली आणि दिसेनाशी झाली.

हिल्का जागच्या जागी उभी राहिली. तिलाही तो घोडाच दिसत होता, याबद्दल मला शंका नाही. मग ती पालथी पडली आणि सरपटू लागली. गळ्यातलं एक नख काढून तिने बर्फात रुतवलं आणि त्या हाताने ते घट्ट धरलं. दुसऱ्या मनगटातली वादी दातांनी सोडवली, माझं लोखंड मुठीत धरलं आणि दांडा बापाकडे सरकवला. मी पाण्याकडे चालले होते. आयुष्यभर ज्याला भ्याले, त्याच्याकडे मला ढकललं जात होतं.

एल्यासने दांडा धरला. हात घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला.

"बोटं मिटत नाहीत गं," तो म्हणाला. इतका लहान आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"वादीत मनगट घाला. बाबा, माझ्याकडे बघा. वादीत."

त्याने घातलं. तिने ओढलं. कड मोडली, तो पुन्हा खाली गेला, ती थोडी पुढे घसरली, नखाने बर्फ खरवडला. तिने परत ओढलं. त्याच वेळी माझ्या वादीतून चर्र असा बारीक आवाज आला. तो मी एकटीनेच ऐकला. मला वाटलं तुटली. पण तिने धरून ठेवलं, कसं ते मला अजून कळत नाही, आणि म्हातारा पोटावर बर्फावर आला.

"उठू नका. लोळत या."

ते दोघं लोळत लव्हाळ्यांपर्यंत आले आणि मग भुशिराचा सगळा वळसा घालून, काठाकाठाने घरी पोचले. आउनेने त्याचे कपडे उतरवले, ब्लँकेटांत गुंडाळलं आणि चुलीपाशी बसवलं.

"तुझा पाइक गेला," एल्यास हिल्काला म्हणाला.

"त्याला जाऊ द्या. नखं कुणाच्या गळ्यात होती?" आउनेने विचारलं.

"हिल्काच्या."

"बरं झालं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तेव्हापासून मी न्हाणीघरात नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यावर माझी जागा आहे. माझ्या धारेला तेल लावलं, दांड्याला रंग दिला. पाहुणे आले की एल्यास मला खाली काढतो, वादी मनगटात घालून दाखवतो आणि म्हणतो, "हिने धरलं मला." आउनेने एकदा जुनं चामडं बदलायचं काढलं, तर तो चिडला. "तिला हात लावायचा नाही. ती आहे तशीच राहील."

मित्रांनो, त्या वादीला आतून चीर गेली आहे. जिथे ती दांड्याच्या भोकातून जाते तिथे, आतल्या बाजूला, दिसत नाही अशी. बाहेरून ती अजून धडधाकट दिसते. मान द्यायला सगळे तिला हात लावतात, पण उलटून अजून कोणी पाहिलेलं नाही.

तळं पुन्हा घट्ट गोठलं आहे. काल संध्याकाळी हिल्काचा फोन आला. ती शनिवारी येते आहे, आणि बापाचे गुडघे आता साथ देत नाहीत म्हणून एकटीच खाडीत जाणार आहे. भुशिराच्या वळशाने जाईन म्हणाली, प्रत्येक पाऊल ठोकून जाईन म्हणाली. आता ती ते धिटाईने म्हणते.

"नखं घाल," एल्यास फोनवर म्हणाला, "आणि वादी मनगटात घाल. ती वादी असली की मला काही काळजी नाही."

मी दाराशी लटकून ते ऐकलं. खाडीत ती वादी तुटली तर मी तळाला जाईन आणि परतीच्या वाटेवर ठोकायला हिल्काच्या हातात काही उरणार नाही. मला त्यांच्याशी बोलता येत नाही. जपलेली वस्तू अधूनमधून उलटूनही बघावी लागते, एवढंच मला कोणालातरी सांगायचं आहे. शनिवारच्या आत कोणीतरी मला खिळ्यावरून काढा आणि ही वादी एकदा आतून बघा.