मास्तरांचा तंबू

टेलर मास्तरांच्या हातून एकतीस वर्षांत एकही चूक झाली नव्हती. पँट तंग झाली तर गिऱ्हाईक सुटलेलं असायचं, सैल झाली तर गिऱ्हाईक वाळलेलं असायचं, आणि गिऱ्हाईक जसंच्या तसं असेल तर चूक कापडाची असायची. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक मागून म्हणत. पण पुढच्या महिन्यात पुन्हा कापड घेऊन त्यांच्याच दारात येत, कारण शंभरातल्या उरलेल्या नव्याण्णव वेळा मास्तर खरोखर सुरेख शिवत.

दोन महिन्यांपूर्वी एका वकिलाच्या कोटाची डावी बाही दोन बोटं आखूड निघाली. वकील सुटला नव्हता, वाळलाही नव्हता. कापड त्याने स्वतः आणलेलं आणि महागाचं होतं. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. बायको शेजारीच बसून बटणं लावत होती. "हिने माप चुकीचं लिहिलं," मास्तर म्हणाले.

मास्तर माप ओरडत आणि बाई ते वहीत लिहीत, असं एकतीस वर्षं चाललं होतं. काज, बटणं आणि तुरपाईही त्यांचीच. गल्लीत त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत, मान मात्र फक्त मास्तरांना देत. बाईंनी सुई खाली ठेवली, वही काढली, पान उघडलं आणि वकिलापुढे धरलं. माप बरोबर होतं. मास्तरांनी वही मिटली आणि वकिलासाठी चहा मागवला. पडलो तरी नाक वर!

त्याच संध्याकाळी बाईंनी लेकीला फोन केला. लेकीकडे एक खोली रिकामी होती आणि ती आईला कधीपासून बोलावत होती.

हे कानावर आल्यावर मास्तर हादरले. आता अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? 'चुकलं माझं' म्हणेल आणि मोकळा होईल. दोन शब्द, फुकट. पण मास्तरांची जीभ त्या दोन शब्दांना कधी सरावलेलीच नव्हती, म्हणून त्यांनी त्या शब्दांऐवजी अकरा मीटर जाड कापड खर्ची घातलं.

म्हणजे झालं असं, की नदीकाठी तंबूत राहायचं हे बाईंचं जुनं वेड. दरवर्षी मास्तर "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत आणि दरवर्षी ऐन वेळी कुणाचे तरी कपडे निघत. या वेळी त्यांनी स्वतःहून विषय काढला. सरकारी राखीव जंगलात, डांबरी रस्ता संपतो तिथून कच्च्या रस्त्याने तासभर पुढे, नदीकाठी तंबू ठोकायच्या फक्त पाच जागा होत्या. त्यातली एक मास्तरांनी दोन रात्रींसाठी लिहून घेतली.

"येते," बाई म्हणाल्या. "पण मोठी बॅग बरोबर घेणार. तिथून अकराची बस थेट लेकीच्या गावाला जाते."

"परत कधी येशील?"

"वही लिहायला शिका तोवर."

तंबू विकत घ्यायला म्हणून मास्तर दुकानात गेले, तिथला तंबू उलटा करून त्यांनी आतली शिलाई पाहिली आणि विक्रेत्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून रिकाम्या हाताने परतले. तंबू घरीच शिवायचा ठरला. शिवताना मास्तरांचा नियम पक्का. आधी कच्च्या टाक्यांनी टाचायचं, मग अंगावर घालून ट्रायल, आणि ट्रायल झाल्यावरच पक्की शिलाई. देव जरी शर्ट शिवून घ्यायला आला तरी त्याला ट्रायलला दुसरी खेप घालावी लागेल, असं ते सांगत. तंबूचाही मधला लांब जोड त्यांनी पांढऱ्या दोऱ्याने टाचला. पण दोन खोल्यांच्या घरात तंबूची ट्रायल घेणार कुठे? तेवढ्यात एका बँडवाल्याच्या बावीस गणवेशांची ऑर्डर आली. मास्तर पितळी बटणांत बुडाले आणि तंबू घडी होऊन पिशवीत गेला.

शनिवारी दुपारी दोघं नदीकाठी पोचले. जागा फार देखणी होती. उंच झाडं, गुडघाभर पाणी, गोल गोटे, एक नळ, एक संडास आणि एकवीस नियमांचा एक फलक. वनरक्षकाने सगळे नियम वाचून दाखवले. मास्तरांनी त्यातला एकही ऐकला नाही. ते त्याच्या गणवेशाकडे बघत होते. "खांदा उतरलाय तुमचा," ते शेवटी म्हणाले. वनरक्षकाने घाबरून खांदा चाचपला.

शेजारच्या जागेत एक दातांचे डॉक्टर एकटेच आले होते. त्यांनी पिशवीतून एक चकती काढून हवेत फेकली आणि जमिनीवर पडेपर्यंत तिचा तंबू झाला. मास्तरांनी नाक मुरडलं. मग दोन तास खपून त्यांनी आपला उभा केला, आणि खरं सांगायचं तर तो तंबू म्हणजे बघण्यासारखी चीज होती. त्याला आतून अस्तर होतं, चार खिसे होते, खिडकीला कॉलर होती. दाराला अकरा काजं आणि अकरा बटणं होती आणि ती बाईंच्या हातची होती.

"आयुष्यात असा तंबू पाहिला नाही!" डॉक्टर म्हणाले.

"कापड हलक्या प्रतीचं आहे, नाहीतर आणखी खुलला असता," मास्तर म्हणाले. ते इतके फुगले, की शर्टाची बटणं तुटतील असं वाटलं. बाई एका गोट्यावर बसून पाण्यात पाय सोडून चहा पीत होत्या. त्या हसल्याही नाहीत आणि रागावल्याही नाहीत. मास्तरांना त्याचीच जास्त भीती वाटली.

ऊन उतरलं आणि नदीवरून वाऱ्याचा पहिला झोत आला. टर्रर्र असा आवाज झाला. मधला जोड या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवला आणि तंबूचे दोन सारखे भाग होऊन, जणू समजुतीने वाटण्या झाल्यासारखे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे पडले.

मास्तरांनी आधी वाऱ्याला शिव्या घातल्या. मग जागा उताराची आहे म्हणून वनरक्षकाला धारेवर धरलं. मग डॉक्टरांनी मघाशी खांबाला हात लावला होता, ते आठवलं. शेवटी गाडी कापडावर आली. बाईंनी कप धुतला, तंबूचा एक भाग अंथरला, दुसरा पांघरला आणि मोठी बॅग उशाला घेऊन त्या उघड्यावरच झोपल्या. त्यांना गाढ झोप लागली. मास्तर त्या बॅगेकडे बघत पडून राहिले.

सकाळी उजेडात त्यांनी जोड हातात घेतला. कडेला पांढऱ्या कच्च्या दोऱ्याची तुटकी टोकं लोंबत होती. टाचलं, आणि पक्कं केलंच नाही. कुठल्या शिकाऊ पोराने हे केलं असतं तर मास्तरांनी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. त्यांनी टोकं घाईघाईने मुठीत झाकली.

"झाकू नका," बाई म्हणाल्या. "घडी घालताना शुक्रवारीच पाहिलं मी." त्यांनी बॅगेतून शिवणाचा डबा काढला, आणि डब्यातून पोती शिवायचं जाडजूड दाभण. मेण लावलेला दोराही होता.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर म्हणाला असतात, घडी मीच चुकीची घातली."

मास्तर नेमकं तेच म्हणाले असते.

"आजची रात्र राहा," ते म्हणाले. "मी शिवतो."

"एवढं जाड कापड एकट्याने शिवून होत नाही. एक आतून, एक बाहेरून. बस येईपर्यंत बसते मी."

तंबूचे दोन भाग खांबांवर चढवून मास्तर आत बसले, बाई बाहेर. बाई दाभण आत खुपसायच्या, मास्तर दोरा ओढून ते परत बाहेर काढायचे. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, आणि मास्तरांच्या दृष्टीने ते एक बरंच होतं. वीसेक टाके झाल्यावर ते कापडाला म्हणाले, "टाके कच्चे राहिले."

"कुणाकडून?" कापड म्हणालं.

"माझ्याकडून."

दाभण आत आलं, बाहेर गेलं.

"आणि वकिलाच्या कोटाची बाही?"

मास्तरांच्या कपाळावर घाम आला. समोर वकील नव्हता, डॉक्टर नव्हता, फक्त जाड कापड आणि त्यातून बाहेर गेलेला एक दोरा होता. "माप तू बरोबर लिहिलं होतंस," ते पुटपुटले. "कापताना मी चुकलो. आणि चारचौघांत तुझ्यावर ढकललं."

"ऐकू येत नाही. नदीचा आवाज आहे."

"चुकलं माझं!" मास्तर जीव खाऊन ओरडले. डॉक्टरांच्या हातून दात घासायचा ब्रश पडला. लांबवर झाडलोट करणारा वनरक्षक थांबला आणि आपण आता कुठल्या नियमाखाली यात पडावं, याचा विचार करू लागला.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला.

दाभण बाहेर होतं. मास्तर ते आत यायची वाट बघत राहिले. ते येईना. दोरा सैल पडला. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला, मग गोट्यांवरून चढत जाणारी पावलं, मग वर कुणाचं तरी बोलणं. अकरा बटणं उघडून बाहेर जावं, हात धरावा, असं मास्तरांना फार वाटलं. पण हात धरून थांबवलेलं माणूस थांबलेलं नसतं, एवढं त्या क्षणी त्यांना कळलं. ते दोऱ्याचं टोक धरून बसून राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. बसचं दार आपटलं. बस घरघरली आणि निघून गेली. मग नुसता नदीचा आवाज उरला.

मास्तरांनी दोरा गाठ मारायला हातात घेतला. एकट्याने किती शिवून होतंय, ते आता त्यांना बघायचं होतं.

कापडाला टोक आलं. दाभण आत शिरलं.

"बॅगेत नातीचे फ्रॉक होते," बाहेरून धापा टाकत बाई म्हणाल्या. "ड्रायव्हरकडे दिले. तो पोचवेल. बस उद्याही असते."

मास्तरांनी दोरा ओढला. टाका चांगला बोटभर तिरका आला होता. असा टाका त्यांनी एकतीस वर्षांत कुणाचा म्हणून ठेवला नव्हता.

"वाकडा गेला का हो?" बाईंनी विचारलं. "चढ चढून हात थरथरतोय माझा. उसवू?"

"राहू दे," मास्तर आतून म्हणाले. "चूक कापडाची आहे."