वेल फुटेपर्यंत

भगवंतरावांच्या घरात आधी देव जेवत, मग पुरुष, मग मुलं आणि उरलंसुरलं ते बायका. मेडशीच्या अलीकडे कोसभर, ओढ्याच्या काठाला त्यांचा दीड एकराचा पानमळा होता. मळ्याला लागूनच घर. एकतीस माणसं आणि चूल एक. पहाटे भूपाळी, दुपारी नैवेद्य, दिवेलागणीला भजन. गावातले लोक थट्टेनं म्हणत, "भगवंतरावाच्या घरची मांजरबी एकादस धरते." भगवंतरावांना हे ऐकून रागाऐवजी अभिमानच वाटे.

मळा म्हणजे त्यांचं दुसरं देवघर. जोडे बाहेर काढायचे, विडी ओढायची नाही, थुंकायचं नाही, आंघोळीवाचून आत पाऊल टाकायचं नाही. पानाची वेल नाजूक, हे खरंच आहे. तिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही. पण तिला बाईसुद्धा सोसत नाही, हे कधी आणि कोणी ठरवलं ते एकतीस जणांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. बाहेरची झालेली बाई मळ्यात गेली की वेल जळते, एवढं मात्र सगळे सांगत. म्हणून कुडापलीकडे एक खोपी बांधली होती. घरातल्या सहाही सुना आपापले चार दिवस तिथे काढत.

कोणत्या सुनेचे दिवस कधी, यावर नजर ठेवायचं काम तुळसाबाईंचं. त्या भगवंतरावांच्या थोरल्या बहीण, चौदाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आलेल्या, आता साठीच्या घरात. भगवंतराव गावात कोणाला भीत नसत, पण बहिणीपुढे आवाज चढवत नसत. सुना त्यांना आत्याबाई म्हणत आणि त्यांच्या नजरेसमोरून जाताना पदर सावरत.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी पानांची खुडणी चालू होती. भगवंतरावांचा मुलगा शालिकराम याची बायको अंजना पाटी काखेला लावून वेलींच्या रांगेतून चालली होती. अंजना मानोऱ्याकडची, अठरा वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली होती, प्रयागा. बाळंतपणानंतर तिचे दिवस अजून सुरू झालेले नव्हते. त्या सकाळी रांगेच्या मध्यावर असतानाच ते सुरू झाले.

ती गप्प राहिली असती तर ही गोष्ट लिहिण्याची वेळच आली नसती. पण तिच्या आईनं तिला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. तिनं पाटी तिथेच ठेवली, पळत बाहेर आली आणि तुळसाबाईंना म्हणाली, "आत्याबाई, मी बाहेरची झाली. मळ्यात होती तवाच झाली. मले ठाऊक नोतं."

तुळसाबाईंनी एकदा मळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जाय, खोपीत बस."

चार दिवस झाले, अंजना न्हाऊन घरात आली आणि सगळे ती गोष्ट विसरले. त्याच आठवड्यात पावसानं झड लावली. आठ दिवस सूर्य दिसला नाही. ओढा भरला, मळ्याच्या उतरत्या बाजूला पाणी साचलं आणि पितृपक्ष लागता लागता त्या बाजूच्या वेली पिवळ्या पडून माना टाकू लागल्या. वेल ओढली की बुडापासून हातात येई, आणि बुडाला कुजका वास येई.

भगवंतरावांनी सगळ्या घराला अंगणात बसवलं. "मळा बाटला," ते म्हणाले. "कोनं बाटवला ते आपल्याले ठाऊक हाये. तिनंच सांगतलं, म्हून तिले मी शिवी देत नाई. पन वेल फुटेपर्यंत ती घरात येनार नाई."

"किती दिवस, बाबा?" शालिकरामनं खाली पाहतच विचारलं.

"वेलीले विचार."

अंजनाची सासू कस्तुराबाई म्हणाली, "अन् लेकरू? पेतं लेकरू हाये."

"लेकरू आत-बाहेर केलं तर इटाळ घरात येते. लेकरू घरातच राहीन. बकरी हाये ना आपल्याकडं."

जावा आपापल्या मुलांना मांडीवर ओढून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत अंजनाविषयी दया होती आणि आपण तिच्या जागी नाही याचं समाधानही होतं. माणसाचं मन असंच आहे, आपण त्याला कितीही हरिनामानं धुतलं तरी.

खोपी सहा हात लांब, चार हात रुंद. एक गोणपाट, एक मडकं, एक ॲल्युमिनियमची ताटली. दारातून घराचं मागचं अंगण दिसे. तिथे दोरीवर प्रयागाच्या लंगोट्या वाळत. अंजना सकाळी त्या मोजी. लंगोट्या जास्त दिसल्या की मुलीचं पोट बिघडलं आहे हे तिला कळे. मुलगी रडली की तिची चोळी भिजे. पहिले काही दिवस ती कुडाशी जाऊन उभी राही, पण मग कोणीतरी आतून ओरडे, "वैनी, मांगं सरक, सावली पडून राह्यली." ती मागे सरके. दूध अंगात गाठी धरू लागलं तेव्हा ते तिनं मातीत पिळून टाकलं. चाळीस पावलांवर तिची मुलगी बकरीच्या दुधात भिजवलेली चिंधी चोखत होती.

शालिकराम दुपारी भाकर आणून दगडावर ठेवी आणि चार पावलं मागे सरून उभा राही.

"पोरगी कशी हाये?" ती विचारी.

"बरी हाये."

"खोटं काहून बोलता? काल आठ लंगोट्या होत्या."

शालिकराम जमीन उकरत राही. "मी काय करू? बाबाले कोन सांगन?"

"तुमी बाप हा ना तिचे?"

तो वाईट माणूस नव्हता. फक्त आजवरच्या आयुष्यात त्यानं बापाला एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं, आणि हे असं काम आहे की आयत्या वेळी येत नाही.

वाशीमचे सैफुद्दीन दर आठवड्याला पानं न्यायला येत. त्यांचे वडीलही याच मळ्याची पानं नेत. त्या आठवड्यात मळ्याची दशा पाहून ते बांधावर जोडे काढून आत गेले, एक मेलेली वेल उपटून तिचं बूड हुंगलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "भगवंतराव, बुरा मत मानो, पन हे पान्याचं काम हाये. पानी साचलं, जड सडली. केनवडच्या मळ्यात पारसाली अस्संच झालतं. त्यांनी चर खंदले, पानी काढून देल्लं. वेली वाचल्या."

"सैफुद्दीनभाई, तुमी पानं घ्या," भगवंतराव शांतपणे म्हणाले. "आमचा देव आमाले पाहू द्या."

सैफुद्दीननी कुडापलीकडच्या खोपीकडे एकदा पाहिलं. तिथे कोण बसलं आहे आणि कशासाठी, हे बाजारात आधीच पोचलं होतं. "तुमचा देव मोठा हाये," ते म्हणाले. "एवढ्याशा लेकराच्या मायवर काहून रुसन?" पण ते पानं घेणारे, परक्या घरचे, परक्या धर्माचे. यापुढे काही बोलणं त्यांना जमलं नाही. ते पाट्या उचलून गेले.

शालिकरामनं मात्र हे ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून विहिरीचा पाट साफ करायच्या निमित्तानं त्यानं मळ्याच्या उतरत्या बाजूला चर खणायला घेतले. रोज थोडे. पाणी ओढ्याकडे वाहू लागलं. वेलींसाठी त्याला निमित्त सापडलं. बायकोसाठी सापडलं नाही.

इकडे प्रयागा सुकत चालली. तुळसाबाईच तिला मांडीवर घेऊन बसत. कस्तुराबाईनं दृष्ट काढली, अंगारा लावला, बाळकडू उगाळून दिलं, देवाला साकडं घातलं. एकतीस माणसांचं घर त्या पोरीसाठी हळहळत होतं, हे मी मुद्दाम सांगतो. तिथे कोणी राक्षस नव्हता. तिच्या नावानं दोन जावांनी उपास धरले होते. फक्त तिला चाळीस पावलं उचलून नेऊन आईच्या मांडीवर ठेवणं कोणाच्या हातून झालं नाही.

दसरा होऊन तिसरा दिवस. दुपारची वेळ, नैवेद्य व्हायचा होता, म्हणून अजून कोणी जेवलेलं नव्हतं. तुळसाबाईंच्या मांडीवर मुलीनं डोळे फिरवले. त्या उठल्या आणि तिला छातीशी धरून परसदारापर्यंत आल्या. समोर खोपी, दारात अंजना. अंजनानं हात पुढे केले. तुळसाबाईंचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला, आणि तेवढ्यात देवघरातून भगवंतरावांची हाक आली, "बाई, कुठं चालली?"

सेहेचाळीस वर्षं त्या हाकेला ओ देत आलेल्या तुळसाबाई थांबल्या. त्या थांबलेल्या असतानाच मुलगी गेली.

अंजना ओरडली नाही. ती कूड ओलांडून आली नाही. जिथे उभी होती तिथेच खाली बसली. पुरुष प्रयागाला ओढ्याकाठी घेऊन गेले तेव्हा ती खोपीच्या दारातून पाहत होती. तिला जवळ येऊ दिलं नाही, कारण वेल अजून फुटलेली नव्हती.

वेल फुटली ती तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. उतरत्या बाजूच्या चार रांगांना पोपटी कोंब आले. भगवंतरावांच्या डोळ्यांना खरोखर पाणी आलं. त्यांनी नारळ मागवला, सगळ्या घराला मळ्याच्या तोंडाशी उभं केलं आणि अंजनाला न्हाऊ घालून आणवलं.

"पोरी, तुह्यं प्राचित्त फळलं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात माया होती. "मळ्यानं घेतलं, मळ्यानंच देल्लं. तुह्या हातानं कोंबाले कुंकू लाव. अन् आता सगळ्या सुनाइनं ऐकून ठेवा. यापुढं वेल वाळली का जिचा दोष तिनं असंच बसाचं. इलाज सापडला आपल्याले."

त्यांच्या पाठीमागे सर्वांत धाकटी सून उभी होती. पंधरा वर्षांची, सहाच महिन्यांपूर्वी घरात आलेली. ती बोटांवर आपले दिवस मोजत होती. तुळसाबाईंना ते दिसलं.

"भगवंता," त्या म्हणाल्या, "नारळ खाली ठेव."

"काय झालं, बाई?"

"मी सतरा वर्साची होती. खुडनीले गेली होती अन् मळ्यात बाहेरची झाली. हिच्यासारखीच. मी कोनाले नाई सांगतलं. चारी दिवस पानं खुडली. त्या साली मळा असा फुटला का बाबा सगळ्या गावाले पानं वाटत होते. तुले आठवत असन."

भगवंतराव हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "बाई, तुह्यं वय झालं."

"वय आत्ता झालं. तवा नोतं झालं."

मग जे झालं ते त्या घरात आजवर कधी झालं नव्हतं. नवऱ्याच्या पाठीशी उभी असलेली कस्तुराबाई पदराआडून म्हणाली, "माह्यंबी झालतं. शालिकरामच्या जन्माच्या आधी. दोनदा." थोरली सून म्हणाली, "माह्यंबी, याच उन्हाळ्यात." मग आणखी एक. मग आणखी एक. कोणी मोठ्यानं बोललं नाही, कोणी वर पाहिलं नाही. पुरुष एकमेकांची तोंडं पाहत होते. इतकी वर्षं त्यांनी जो मळा सोवळ्यात राखला होता, तो त्यांच्याच बायकांच्या चोरट्या पावलांतून वाढला होता. शेवटी शालिकराम म्हणाला, "चर म्या खंदले, बाबा. सैफुद्दीनचाचाचं ऐकून. म्हून फुटली वेल."

भगवंतराव खाली बसले. शालिकराम तावातावानं पहार घेऊन खोपीकडे निघाला. इतक्या दिवसांत त्याला जे सुचलं नव्हतं ते आता एका क्षणात करून दाखवायचं होतं.

"राहू द्या," अंजना म्हणाली. "खोपी मोडून काय होते?"

तो थांबला. अंजना एकेकीसमोरून चालत गेली. जावांसमोरून, सासूसमोरून, आणि तुळसाबाईंपुढे येऊन उभी राहिली. तुळसाबाईंनी हात जोडले. ते जोडलेले हात तिनं धरले नाहीत आणि झिडकारलेही नाहीत.

"तुमाले सगळ्याइले ठाऊक होतं, आत्याबाई," ती म्हणाली. "मंग मले एकटीलेच काहून ठेवलं?"

अंजना तशीच ओल्या केसांनी माहेरच्या, मानोऱ्याच्या वाटेला लागली. काही अंतर ठेवून शालिकराम तिच्या मागून गेला. तिनं त्याला परत पाठवलं नाही आणि वळूनही पाहिलं नाही.

पुढल्या पोळ्यानंतर धाकटी सून खुडणीत असताना बाहेरची झाली. तिनं तसं येऊन सांगितलं. तुळसाबाईंनी तिची पाटी आपल्या डोक्यावर घेतली, तिचा हात धरला आणि अंगणात बसलेल्या सगळ्या पुरुषांसमोरून तिला पुन्हा मळ्यात नेलं. भगवंतरावांनी मान खाली घातली, पण हाक मारली नाही. गावात बरीच चर्चा झाली. तुळसाबाईंचं कौतुक करायला वाशीमहून दोन शिकलेले गृहस्थही येऊन गेले.

त्यांना तुळसाबाईंनी एवढंच सांगितलं, "बाप्पा, माही तारीफ नोका करू. मी एक वर्स उशिरा आली. तुमच्या घरी कोन बसली हाये ते पाहून या आधी."