बंद म्हणजे बंद

मास्तरांनी टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात टेकला. डबा कोमट होता आणि आतला पंखा फिरत होता.

"चालू आहे हा," ते म्हणाले.

"मास्तर, स्क्रीन काळी ठिक्कर पडलीय," कॉम्प्युटरवाला उभ्या उभ्याच म्हणाला. "बंद झालाय तो. मी डोळ्यांनी बघतोय ना."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते नावाचेच मास्तर; पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात बावीस वर्षं फोन घेत होते. डोळे जन्मापासून नव्हते, म्हणून काही अडलं नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा एक बायकी आवाज बसवलेला होता. तो वाचायचा, मास्तर टाइप करायचे. ऑफिसात त्या आवाजाला मास्तरांची धाकटी बायको म्हणत. थोरलीचं म्हणणं असं, की असेना का, निदान ती तरी त्यांचं ऐकते.

तीन आठवड्यांपूर्वी कॉम्प्युटरवाल्याच्या कंपनीने सगळ्या कॉम्प्युटरांवर नवं अपडेट टाकलं आणि या सुखाला दृष्ट लागली. संध्याकाळी मास्तर नेहमीसारखी बंद करण्याची आज्ञा द्यायचे. आवाज "बंद होत आहे" म्हणायचा, आणि डबा मात्र रात्रभर घुमत राहायचा. सकाळी बटण दाबावं तर आवाज मुका. मग बटण जिवाच्या आकांताने धरून ठेवायचं, डब्याचा प्राण जाऊ द्यायचा आणि पुन्हा सुरू करायचा. असा जबरदस्तीने मारलेला कॉम्प्युटर उठल्यावर पाऊण तास स्वतःचीच तपासणी करत बसे. तोवर फोन वाजवाजवून लोक थकत. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या दारात पाइप फुटलेला. ते वर साहेबांकडे जाऊन ओरडत.

साहेब वाईट नव्हते, पण त्यांना दया फार यायची आणि तीच मास्तरांना सोसत नव्हती. झेपत नसेल तर तुम्हाला खाली स्वागताच्या टेबलावर बसवतो, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करायचा, पगार तोच, असं साहेब सोमवारी म्हणाले होते. मात्र आधी कॉम्प्युटरवाल्याचा अहवाल येऊ दे. दोष मशीनचा निघाला तर प्रश्नच मिटला. अहवाल आज चार वाजता हवा होता.

नुसता नमस्कार करायला बसवणार. देव्हाऱ्यात ठेवा म्हणावं त्यापेक्षा, असं मास्तर घरी बोलले होते आणि त्या रात्री जेवले नव्हते.

या तीन आठवड्यांत कॉम्प्युटरवाल्याला त्यांनी चारदा फोन केला. दोनदा त्याने, तुम्ही चुकीचं बटण दाबत असाल, असं सांगितलं. तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलावरच्या बाईंना फोन द्यायला लावला. बाईंनी काळी स्क्रीन पाहून, बंदच आहे हो, अशी ग्वाही दिली. चौथ्यांदा त्याने फोन उचललाच नाही.

"दार लावा," मास्तर म्हणाले. "वरचा पंखा बंद करा, आणि एक मिनिट तोंडही."

कॉम्प्युटरवाल्याने पंखा बंद केला. हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजायचा थांबला. टेबलाखालची घरघर मग सरळ ऐकू येऊ लागली. त्यासाठी दैवी कान लागत नव्हते, फक्त गप्प बसावं लागत होतं, आणि हे तीन आठवड्यांत कुणालाही जमलं नव्हतं.

कॉम्प्युटरवाला गुडघ्यांवर बसला. डबा ओढल्याचा आवाज आला, मग कागद टरकावल्याचा.

"अरेच्चा," तो म्हणाला. "तुमच्या ऑफिसवाल्यांनी सामानाच्या नंबराचं स्टिकर नेमकं दिव्यावर चिकटवलंय. दिवा लागलेला आहे, मास्तर."

"मला दिव्याचं काय सांगता? मी काय सांगत होतो?"

तो खुर्ची ओढून कामाला लागला. माणूस कामात वाईट नव्हता, हे मास्तरांनी मनातल्या मनात कबूल केलं. बंद करताना कॉम्प्युटरने पूर्ण न झोपता अर्धवट जागं राहायचं, म्हणजे सकाळी लवकर उठतो, अशी एक सोय असते. ती अपडेटने परस्पर चालू केली होती आणि या जुन्या मशीनला ती पेलत नव्हती. त्याने ती काढून टाकली. तीनदा बंद केला, तीनदा सुरू केला. तिन्ही वेळा घरघर थांबली आणि तिन्ही वेळा आवाजाने न अडखळता नमस्कार केला. मास्तरांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी शेजारच्या बाईंना दोन चहा सांगायला सांगितले.

चहा पिताना कॉम्प्युटरवाला मोकळा झाला. सगळीकडे एकदम अपडेट टाकलं, आधी एका मशीनवर करून बघायला हवं होतं, तेवढं राहिलं. आणखी दोन ऑफिसांतून हेच रडगाणं आलंय. चूक आमचीच, असंही तो म्हणाला. मास्तरांनी होतं असं कधी कधी, म्हणत त्याला मोठ्या मनाने माफ करून टाकलं.

मग तो अहवाल लिहायला बसला. बोलणाऱ्या आवाजाने लक्ष विचलित होतं म्हणून त्याने स्पीकर बंद केला. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. संगणक तपासला, दोष दूर केला, यंत्र सुस्थितीत आहे.

"खाली फक्त तुमचं नाव टाका, की साहेबांना पाठवून देतो. चार वाजत आले."

मास्तरांनी कीबोर्ड ओढला. नाव टाकण्याआधी त्यांनी चाचपून स्पीकर सुरू केला. कुणावर संशय नव्हता. न ऐकता कशावर नाव घालायचं नाही, ही त्यांची बावीस वर्षांची सवय होती. वरपासून वाचायची कळ त्यांनी दाबली.

आवाज रोजच्या सुरात वाचू लागला. संगणक तपासला. दोष दूर केला. यंत्र सुस्थितीत आहे. दोषाचे कारण, संगणक बंद करण्याची चुकीची पद्धत. वापरणाऱ्यास समज दिली.

कप बशीवर टेकल्याचा आवाज आला.

"समज कधी दिलीत?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, ते नुसतं लिहायचं असतं. आमची चूक लिहिली तर माझ्यावर शेकतं. तुमचं मशीन तर नीट झालं ना?"

मास्तरांच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं होतं. ते सगळं त्यांनी गिळलं. एकेक अक्षर खोडत ते मागे गेले, आणि खोडलेलं प्रत्येक अक्षर आवाज इमानाने उच्चारत गेला. 'कारण' या शब्दापाशी ते थांबले. मग ताठ बसून दोन्ही हात कळांवर ठेवले आणि दिवसातून शंभर अनोळखी माणसांशी बोलायचे त्याच आवाजात म्हणाले,

"बोला. चहा पिताना सांगितलंत तेच सांगा. मी लिहून घेतो."

शेजारच्या बाईंनी टाइप करणं थांबवलं होतं. मास्तरांना घाई नव्हती. लोकांना तक्रार सांगायला वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"अपडेट," कॉम्प्युटरवाला शेवटी म्हणाला.

मास्तरांनी ते टाइप केलं.

"पुढे?"