यंत्राला अंगठा नसतो

त्या कार्यालयात बैठकीच्या टेबलावर एक पितळी घंटी होती. दुकानाच्या काउंटरवर असते तशी, वरून टिचकी मारली की वाजणारी. बैठकीत कुणी "पण" म्हटलं की शेजारच्याने ती वाजवायची, असा तिथला नियम होता. नवीन कल्पनेला सुरुवातीलाच नाट लावू नये, हे एका शिबिरात ऐकून मुख्य डिझायनरने ती विकत आणली होती.

या मुख्य डिझायनरला सगळे ताई म्हणत. आधीच्या नोकरीत तिच्या कितीतरी कल्पना कुणाच्या ना कुणाच्या "पण"खाली चिरडल्या गेल्या होत्या. आपल्या माणसांवर ती वेळ येऊ नये, एवढाच तिचा हेतू. घंटी वाजली की सगळे हसत, बोलणारा जीभ चावून गप्प बसे आणि काम पुढे सरके. "आमच्याकडे एकदासुद्धा वाद होत नाही," असं ताई अभिमानाने सांगायची. ते खरंही होतं.

त्या दिवशी टेबलाच्या मधोमध त्यांची नवी इलेक्ट्रिक किटली ठेवली होती. कुठेही सांधा न दिसणारी, पावसाळी ढगाच्या रंगाची. झाकण उघडण्याचं बटण धरायच्या मुठीच्या वरच्या अंगाला असं बेमालूम बसवलं होतं की ते शोधावं लागे. हलकंसं दाबलं की झाकण अलगद वर.

"उद्या साच्यांवर सही करायची," ताई म्हणाली. "एकदा पोलादात साचे कोरले की मग काही हलवता येणार नाही. कुणाला काही सुचवायचंय?"

इंजिनीअरने घसा खाकरला. कपात चहा किती उरलाय हेही तो मिलिमीटरमध्ये सांगायचा, म्हणून त्याचं नावच मिलिमीटर पडलं होतं.

"छानच झालीय, ताई. पण—"

टिंग! खरेदी विभागाच्या काकांनी घंटी वाजवली. "सापडला, सापडला!"

"नाही नाही, काही विशेष नव्हतं," मिलिमीटर हसला आणि त्याने शर्टाची बाही खाली ओढली. तरी मनगटावरची पट्टी ताईला दिसलीच.

"हाताला काय झालं रे?"

"इस्त्री लागली. शर्टाला करत होतो."

"हा शर्ट?" उत्पादनांचे रंग ठरवणारी मुलगी त्याच्या चुरगळलेल्या कॉलरकडे बघून म्हणाली. "मग इस्त्री शर्टावर फिरवली होतीस की हातावर?"

हशा पिकला. सूचना कुणाचीच नव्हती. ताई खुशीत होती. ती कधी नव्हे ते लवकर घरी निघाली.

स्वतःच्या किल्लीने दार उघडून ती आत आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबली. सासूबाई गॅसपाशी उभ्या होत्या. गॅसवर पातेलं होतं, पातेल्यात पाणी उकळत होतं. खिडकीजवळ ताईने घरी वापरून बघायला आणलेली नमुन्याची किटली लख्ख पुसून ठेवलेली, तिची वायर गुंडाळलेली.

"आई, किटली बिघडली का?"

सासूबाई एकदम दचकल्या. "अगं, तू इतक्या लवकर? छे, बिघडेल कशाला? मी आपली सवयीने..."

ताईने किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं. त्यांच्या नळाच्या पाण्यात क्षार भरपूर. रोज उकळलं तर तळाशी काही दिवसांतच पांढरा थर धरतो. किटलीचा तळ मात्र आरशासारखा स्वच्छ होता!

दिवसभराचा चहा ताई ऑफिसातच घेई. घरी आल्यावर थर्मासमध्ये गरम पाणी तयार असे. ते किटलीतलं आहे, असंच ती आजवर धरून चालली होती.

"आई, ही कुणीच वापरत नाही? तुमचा मुलगासुद्धा?"

"त्याने तर माझ्याही आधी सोडली. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही गं आम्ही."

"मला दाखवा. तुम्ही ती कशी धरता, ते दाखवा."

तिने किटली गार पाण्याने काठोकाठ भरली. सासूबाईंच्या बोटांचे सांधे सुजलेले, मूठ पुरती वळत नव्हती. त्यांनी किटली उचलली आणि कपावर वाकवली. वाकवताना पाण्याचं वजन पुढे गेलं, तसा त्यांचा हातही मुठीवरून पुढे सरकला आणि तोल सावरायला अंगठा वर टेकला. बरोबर बटणावर.

खट्! झाकण उघडलं आणि पाण्याचा लोट त्यांच्या हातावरून ओट्यावर सांडला.

ताई बघतच राहिली. हे पाणी उकळतं असतं तर? मग तिचं लक्ष सासूबाईंच्या अंगठ्याच्या मुळाशी गेलं. तिथली कातडी गुलाबी आणि गुळगुळीत होती, नवीन आलेली.

"आई! हे कधी झालं?"

"बरं झालंय आता."

"अहो, पण आमच्या प्रयोगशाळेत यंत्राने ही हजारो वेळा वाकवून पाहिलीय! एकदाही झाकण उघडलं नाही."

"तुमच्या यंत्राला अंगठा आहे का?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं.

यंत्र किटलीला मुठीच्या मध्यावर चिमट्याने धरत होतं. चिमटा पुढे सरकत नाही. सरकतात ती माणसं.

"मग बोलला का नाहीत?" तिचा आवाज चढला. "इतकं भाजलं आणि गप्प बसलात?"

"बोलले होते की. तू ती आणलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, किटली सुंदर आहे, पण... आणि तू कपावर चमचा वाजवलास. टिंग! तुमच्या ऑफिसातला खेळ. तू हसलीस, तो हसला. मग मीही हसले."

ताईला तो प्रसंग आठवला. इतका क्षुल्लक वाटला होता की लक्षातही ठेवला नव्हता!

सासूबाईंनी पातेलं उतरवलं, गॅस बंद केला. निवृत्त होईपर्यंत त्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या.

"एक सांगते," त्या म्हणाल्या. "पोट शिवायच्या आधी आम्ही आत वापरलेल्या पट्ट्या मोजायचो. मोजणीत एक कमी भरली की 'थांबा' म्हणायचं. समोर कितीही मोठा सर्जन असो, त्याने सुई खाली ठेवायची. कालच कामाला लागलेली पोरगी म्हणाली तरीही! चिडायचे, आदळआपट करायचे, पण थांबायचे. तेव्हा कुठे आम्ही म्हणायचो, की इथे सगळे मिळून काम करतात. तुमच्या खोलीत 'थांबा' कोण म्हणतं गं?"

"कुणीच नाही," ताई अगदी हळू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले तेव्हा टेबलावर घंटी नव्हती. साच्यांचे नकाशे सहीसाठी पसरले होते.

"घंटी मी ड्रॉवरमध्ये टाकलीय," ताई म्हणाली. "आज मोकळेपणाने बोला. किटलीबद्दल कुणाला काही खटकतंय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"छे, एकदम परफेक्ट," काका म्हणाले.

"रंग तर काय उठून दिसतोय," रंगवाली म्हणाली.

मिलिमीटर खाली नकाशाकडे बघत राहिला. बाही आजही मनगटापर्यंत ओढलेली.

ताईला कालच्याहून मोठा धक्का बसला. घंटी नव्हती, तरी ती वाजत होती! ती आता त्यांच्या आतच जाऊन बसली होती.

"बरं तर," ती म्हणाली. "सहीआधी चहा घेऊ."

ती पँट्रीत गेली आणि भरलेली किटली, कप घेऊन आली. डाव्या हातात कप धरला. उजव्या हाताने किटली उचलून कपावर वाकवायला सुरुवात केली. सासूबाईंच्या हातासारखाच तिने आपला हात मुठीवरून पुढे सरकवला. अंगठा वर आला, बटणाच्या दिशेने—

"अंगठा!"

तिघंही एकदम ओरडले! मिलिमीटर उठला तसा त्याची खुर्ची मागे उलटली. काकांनी टेबलावरून झेप घेऊन ताईचं मनगट धरलं. रंगवालीने डोळे गच्च मिटून घेतले होते.

ताईने किटली खाली ठेवली.

"पाणी गार आहे," ती म्हणाली. "अंगठ्याबद्दल मी एक शब्दही बोलले नव्हते. तुम्हाला कसं कळलं?"

मिलिमीटरने सावकाश बाही वर केली आणि पट्टी सोडली. मनगटभर लालभडक चट्टा होता. "इस्त्री नव्हती, ताई. घरी नमुना वापरून बघत होतो. किटली काठोकाठ भरलेली होती, हात सरकला."

"मी बहिणीला नेऊन दिली होती," रंगवाली पुटपुटली. "तिचं बाळ नुकतंच रांगायला लागलंय. दोनदा झाकण उघडलं. ती म्हणाली, घेऊन जा बाई ही. मी इथे सांगितलं, की तिच्या ओट्याला रंग जुळत नाही."

काका घाम पुसत होते. "कारखान्यातून विचारणा आली होती, की बटणाची स्प्रिंग इतकी हलकी कशी, नुसता अंगठा टेकला तरी झाकण उघडतं. मी म्हटलं, आपल्या मिलिमीटरने बघितलंच असेल."

"मला वाटलं, ताईंनी बघितलं असेल," मिलिमीटर म्हणाला.

ताई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. कुणालाच माहीत नाही, असं समजून ती आली होती. इथे तर सगळ्यांना माहीत होतं! हात भाजलेला माणूस काल याच खुर्चीत बसून "छानच झालीय" म्हणाला होता. आणि त्याला तसं म्हणायची सवय लावली कुणी? हजारो ओट्यांवर ही किटली जाऊन बसली असती, आणि कुठल्याशा घरात तिच्याखाली एखादं रांगतं बाळ असतं!

"चूक बटणाची नाही," ती म्हणाली. "ते कुठेही हलवता येईल. चूक माझ्या घंटीची आहे. मला वाद नको होता, आणि वाद नाही म्हणजे सगळं आलबेल, असं मी समजले. मला माफ करा."

ती तिघांना घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, साच्यांवर मी सही करत नाही."

"काय?" साहेब ताडकन उठले. "पण विक्रेत्यांना तारीख दिलीय! पण जाहिरात तयार आहे! पण—" ते थबकले. "घंटी कुठाय तुमची?"

"ती बंद केली, साहेब. तुम्ही हवं तेवढं बोला. फक्त आधी हा हात बघा."

मिलिमीटरने मनगट पुढे केलं. साहेबांनी ते पाहिलं, मग चष्मा काढून पुन्हा पाहिलं. खुर्चीत बसताना त्यांचा चेहरा उतरला होता.

"एक माझ्याही घरी आहे," ते सावकाश म्हणाले. "बायकोने तिच्यात फुलं ठेवलीत. मला वाटलं, फारच आवडलेली दिसते."

हसू कुणालाच आलं नाही. साहेबांनी फोन उचलला आणि कारखान्याला काम थांबवायला सांगितलं.

त्यानंतर बैठकीच्या खोलीत पहिल्यांदाच आवाज चढले. सासूबाई आल्या, रंगवालीची बहीण बाळाला कडेवर घेऊन आली, साहेबांची बायकोही आली. सगळ्यांनी गार पाणी ओतून ओतून टेबलाचं तळं केलं. बटण झाकणावर मागच्या बाजूला न्यायचं ठरलं. ओतणारा हात तिथे पोचतच नाही. रंगवाली म्हणाली, सांधा दिसेल, सगळी शोभा जाईल. मिलिमीटर म्हणाला, गेली तर जाऊ दे. दोघं कडाकडा भांडले, आणि त्या भांडणातून तिला सुचलं, की सांधा लपवण्याऐवजी त्यावरून उठावदार रंगाची कडच फिरवावी. ती कल्पना आधीच्या कुठल्याही बैठकीत कुणाला सुचली नव्हती. किटली बाजारात उशिरा आली. साहेब कुरकुरले, पण ती कुरकुर त्यांनी सगळ्यांसमोर मोकळेपणी केली.

अशी घंटी आपल्याही घरात, कचेरीत, शाळेत असते. ती पितळेचीच असावी लागत नाही. कपाळावरची आठी पुरते, एखादं हसू पुरतं. आपल्याला आडवं बोलणारं माणूस नकोसं होतं, आणि तेच माणूस कुणाचा तरी हात भाजण्यापासून वाचवणारं असतं. चार जणांनी मान डोलावली म्हणजे चौघांनी मिळून काम केलं, असं होत नाही. "थांबा" म्हणणाऱ्यासाठी चौघंही थांबली, की मग ते मिळून केलेलं काम. नवं काही घडतं तेही तिथूनच.

एका सकाळी ताईने खिडकीजवळची नवी किटली उघडून आत डोकावलं. तळाशी क्षारांचा पांढरा, खडबडीत थर बसला होता. तो बघून तिला इतका आनंद झाला, की तिने नवऱ्यालाही बोलावून दाखवला आणि किटलीला चक्क हात जोडले.

"हात काय जोडतेस तिला?" सासूबाई म्हणाल्या. "किटली चांगली झालीय, पण..."

"पण काय, आई?"

"हा थर घासायला आत हात जात नाही गं. तोंड लहान ठेवलंय तुम्ही."

ताईने स्टूल ओढलं, पेन्सिल घेतली आणि किटली त्यांच्यापुढे सरकवली.

"कुठे अडतो हात? दाखवा."